वैशाखातला मोगरा आणि तांब्याभर पाणी



बाग हा शब्द ऐकला की आपल्यापैकी पुष्कळांना ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटते. बाग म्हणजे बंगला, बाग म्हणजे माळी आणि हिरवळीवर उडणारा पाण्याचा फवारा. आपल्या वाट्याला चाळीची गॅलरी, क्वार्टरच्या मागची चार हात जागा, नाहीतर दारातल्या मोरीशेजारचा कोपरा. पण जरा सभोवार बघा. जिथे रात्री पाय पसरून झोपायला जागा नसते, तिथेही कठड्यालगत तेलाचा एखादा रिकामा डबा असतो आणि त्या डब्यात काहीतरी हिरवे असते. तुळस, गवती चहा, कोरफड. आणि दर दोन-तीन घरांआड एक मोगरा.

आजचा हा लेख त्या डब्याविषयी आहे. पंचांगात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. पण वैशाखात आपल्याकडे नुसती आग असते. नळाला पाणी तासभर येते, कधी तेही येत नाही. अशा वेळी झाडाला पाणी घालताना घरातल्या बाईचा हात आखडतो आणि ते बरोबरच आहे; आधी माणसे, मग झाडे. गंमत अशी, की आपल्याकडची कित्येक उत्तम फुले नेमकी याच आगीत फुलतात आणि त्यांना फार पाणी लागतच नाही. पुष्कळ घरांतली झाडे मरतात ती चुकीच्या वेळी घातलेल्या पाण्याने.

वैशाखी पौर्णिमा याच दिवसांत येते. त्या दिवशी घराघरांत वंदनेला पांढरी फुले लागतात. लग्नसराईही तेव्हाच असते, त्यामुळे बाजारात मोगऱ्याला हात लावता येत नाही. पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार, मोखाडा या बाजूला आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा केल्या आहेत. ती मंडळी उजाडण्याआधी कळ्या खुडतात आणि तो माल दादरच्या फुलबाजारात येतो. त्यांच्या कष्टाचा पैसा त्यांना मिळालाच पाहिजे. पण आपल्या दारात झाड असताना ओंजळभर कळ्यांसाठी आपण बाजाराकडे का बघावे?

आता मुख्य प्रश्न. "आमच्या मोगऱ्याला पाने येतात, फुले येत नाहीत," ही तक्रार मी निदान पन्नास जणींकडून ऐकली असेल. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक मावशी राहत. गिरणीतून निवृत्त झालेल्या नवऱ्याच्या आणि तीन मुलांच्या रगाड्यात त्यांनी सासूबाईंच्या हातचा मोगरा जपला होता. एका वर्षी तो नुसताच पानांनी गच्च भरला. मावशी रोज दोनदा पाणी घालीत, वर सकाळ-संध्याकाळ त्याच्याशी बोलत.

"अगं, पोरासारखं करते याचं, तरी कळी म्हणून दाखवत नाही," त्या म्हणाल्या.

"मावशी, शेवटचा कधी छाटलात?" मी विचारले.

"छाटायचा? सासूबाईंनी लावलेला आहे तो!"

इथेच सगळे अडले होते. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते. जुन्या काडीवर पाने राहतात, कळी धरत नाही. म्हणून थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, झाडाचे पाणी आठ-पंधरा दिवस कमी करायचे, पाने गळू द्यायची आणि काड्या निम्म्यापर्यंत छाटायच्या. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळापासून काढायच्या. मग वरची दोन बोटे माती उकरून तिथे ओंजळ-दोन ओंजळ चांगले कुजलेले शेणखत घालायचे आणि पाणी सुरू करायचे. फेब्रुवारीत फुटवे येतात, मार्चपासून कळ्या दिसतात आणि पाऊस लागेपर्यंत झाड थांबत नाही.

ज्यांची ही छाटणी राहून गेली त्यांनी आता वैशाखात कात्री घेऊन झाडाच्या मागे लागू नये. या उन्हात मोठी छाटणी झाडाला सोसत नाही. आता एवढेच करावे, की फुले येऊन गेलेल्या फांदीचे टोक दोन पेरांपर्यंत खुडावे. तिथून दोन नवे फुटवे निघतात आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा कळ्या धरतात. नखानेही जमते. दुसरी अट उन्हाची. मोगऱ्याला दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन हवे. दोरीवर चादरी वाळत घालून त्याचे ऊन अडवाल, तर खत कितीही घाला, फुले मोजकीच येतील.

मोगऱ्याच्या जातींबद्दलही थोडे सांगते. बटमोगऱ्याचे फूल लहान गुलाबासारखे गच्च असते, फुले कमी पण एकेक टपोरे. हजारी मोगऱ्याची फुले साधी, घोसाने येणारी. गजऱ्याला आणि वंदनेला हाच बरा. मदनबाणाची कळी लांबट, टोकदार. वेली मोगरा कठड्यावर चढवता येतो. कुणाकडून काडी आणणार असाल तर आधी त्या झाडाची फुले बघून घ्या. हेच फूल समुद्रापलीकडे फिलिपिन्समध्ये १९३४ पासून राष्ट्रीय फूल आहे, हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "मग तिथल्या बायकासुद्धा पाण्यासाठी नळावर भांडत असतील."

भांडणाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. चाळीत झाडांवरून होणाऱ्या भांडणांपैकी बहुतेक पाण्याची असतात आणि त्यात झाडवाल्यांची चूक असते. वरून डब्यात बदाबदा पाणी ओतायचे, ते खालच्या भोकातून मातीसकट निथळायचे आणि खालच्या गॅलरीतल्या धुतलेल्या कपड्यांवर चिखलाचे ओघळ. "अहो वहिनी, पोराचा शाळेचा शर्ट आहे हा!" असा आवाज खालून आला की समजावे, पाणी झाडाला मिळालेच नाही, ते फक्त डब्यातून गेले. कोरडी ठणठणीत माती डब्याच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून खाली पळते. मधली मुळे तहानलेली ती तहानलेलीच राहतात.

त्यावर उपाय असा. एक तांब्या पाणी एकदम न ओतता आधी पाव तांब्या शिंपडा. माती ओली होऊन फुगू द्या. तोवर भाजी निवडा. मग उरलेले पाणी हळूहळू घाला. वेळ सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. दुपारी तापलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी घातले की ते आतल्या आत गरम होते आणि मुळे पोळतात. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे मातीत घालून बघा. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. दुपारी पाने थोडी मान टाकतात, संध्याकाळी ती आपोआप वर येतात. त्याला घाबरून दुपारी पाणी घालू नये.

मातीचे वरचे तोंड उघडे ठेवू नका. नारळाच्या शेंड्या, वाळका पाला, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले, जे मिळेल त्याचा दोन-तीन बोटे थर द्या. एवढ्यानेच पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. पत्र्याच्या डब्याला बाहेरून पांढरा चुना फासा, नाहीतर भिजवलेले गोणपाट गुंडाळा. डबे वेगवेगळे न ठेवता एकमेकांना चिकटवून ठेवा म्हणजे मोठ्या झाडाची सावली धाकट्याच्या डब्यावर पडते. गावाकडे जमिनीत लावलेल्या झाडासाठी जुनी युक्ती अजून उत्तम आहे: कच्च्या भाजलेले लहान मडके झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरून वर झाकण ठेवायचे. पाणी मडक्याच्या अंगातून पाझरत राहते आणि मुळे ते हवे तसे ओढून घेतात. लग्नाला चार दिवस गावी जायचे असेल तर हीच सोय डब्यातही करता येते. कुल्हडाएवढे मडके पुरते.

वापरलेल्या पाण्यापैकी कोणते चालते? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी जरूर घाला. मटण-मासळी धुतलेले पाणीही झाडाला चालते, पण उघड्यावर वास सुटतो आणि माश्या येतात; ते घालायचेच तर जमिनीतल्या झाडाला घालून वर माती लोटावी. कपडे धुतलेले साबणाचे पाणी आणि मिठाचे पाणी डब्यातल्या झाडाला नको. चहाचा चोथा दोन पाण्यांनी धुऊन साखर-दूध निघून गेल्यावरच टाका, नाहीतर मुंग्यांची रांग लागते. आणि वंदनेची कोमेजलेली फुले? ती प्लास्टिकच्या पिशवीत भरून नदी-नाल्यात सोडण्याचे काही कारण नाही. फूल कोमेजणारच, हे वंदना म्हणतानाच आपण आठवत असतो. ती कुस्करून पुन्हा डब्यातच पुरा.

डब्याखाली ताटली ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा ती ओतून घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि त्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो. घरात तापाचे माणूस पडले की मजुरी बुडते, म्हणून ही गोष्ट फुलांपेक्षा महत्त्वाची समजा. ओल्या मातीने भरलेला पंधरा किलोचा तेलाचा डबा किती जड होतो तेही लक्षात ठेवा. जुन्या गॅलरीच्या कठड्यावर तो कधीही ठेवू नये. भिंतीलगत, जमिनीवर ठेवावा. खाली पोरे खेळत असतात.

मोगऱ्याशिवाय या दिवसांत काय लावावे? ज्यांना अजिबात वेळ नाही त्यांनी चिनी गुलाब लावावा. मुंबईत याला 'ऑफिस टाइम' म्हणतात, कारण नऊ-दहाच्या सुमाराला, बाबूलोक कचेरीत पोहोचतात तेव्हा, त्याची फुले उघडतात. पहिल्या पाळीला गेलेल्याला ती दिसतच नाहीत, हा त्यातला एक दोष. बोटभर काडी मोडून मातीत खोचली की झाले. खत नको, पाणी बेताचे. गुलबक्षी याच्या उलट, दुपार कलल्यावर चारनंतर उमलणारी. दिवसभर कामावर असणाऱ्यांनी ही लावावी.

सदाफुली तर कुणी न लावता भिंतीच्या फटीतूनही येते. ती मूळची मादागास्करची. तिच्यापासून काढलेली औषधे रक्ताच्या कर्करोगावर वापरली जातात, हे खरे. म्हणून काही जण मधुमेहावर तिची पाने चावून खातात. कृपा करून असे करू नका. त्या पानांत विषारी द्रव्ये असतात आणि डॉक्टरांच्या हातात मोजून दिलेले औषध वेगळे, आपण ओरबाडून खाल्लेली पाने वेगळी. कण्हेरही तशीच, फुले सुंदर, पण सगळे झाड विषारी. लहान मुले असलेल्या घरात तिला हाताच्या टप्प्यात ठेवू नये.

जमीन असेल त्यांनी पांढरा चाफा लावावाच. उन्हाळ्यात अंगावर धड पान नसताना हे झाड फुलांनी भरते. श्रीलंकेत हा चाफा विहारांच्या आवारात असतोच आणि बुद्धपूजेत त्याची फुले वाहतात. लाओस या बौद्ध देशाचे तर ते राष्ट्रीय फूल आहे. मूळचे झाड मात्र अमेरिका खंडातले. फांदी लावायची हीच वेळ: हातभर लांबीची जाड फांदी कापा, चीक वाहून जाऊ द्या आणि सावलीत आठवडाभर जखम सुकू द्या. ओल्या जखमेची फांदी लावली की ती कुजते. नंतर लावून अगदी थोडे पाणी द्या.

निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावतात. जाडजूड, न मऊ पडलेले कंद घ्या, दोन इंच खोल लावा. तीन-साडेतीन महिन्यांत, ऐन पावसाळ्यात दांडे येतात. आणि कुणाकडे मे फ्लॉवरचा कंद असेल तर त्यांना सांगायला नको. वर्षभर रिकामा दिसणारा डबा, "यात काही नाही" म्हणून कुणीतरी त्यात खरकटे टाकते, आणि मे महिन्यात एके दिवशी मातीतून दांडा वर येऊन लाल चेंडू उभा! आफ्रिकेतून आलेले हे फूल आठ-दहा दिवस टिकते. पाने वाळून कंद झोपला की त्याला पाणी घालायचे नाही, कुजतो. त्या डब्यावर खडूने लिहून ठेवावे.

रस्त्यावरचा गुलमोहर, पिवळा बहावा आणि आपल्या राज्याचे फूल असलेला जांभळा ताम्हण हे सगळे आताच फुललेले असतात. मुलांना सुटीत नेऊन ओळखायला शिकवा. त्याला तिकीट लागत नाही. जमले तर ताम्हणाच्या बिया जमवा. क्वार्टरमागे जागा असेल तर पावसाआधी त्यांची रोपे करता येतात.

कीड या दिवसांत दोन प्रकारची. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे दिसते तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढा, जास्त असेल तर तो शेंडाच कापून टाका. मोगऱ्याची पाने धुरकट, निस्तेज झाली तर पान उलटे करून बघा. बारीक लाल कोळी असतील. कोरड्या उष्ण हवेत ते वाढतात. पानांच्या खालच्या बाजूने चार दिवस सकाळी पाणी मारले की कमी होतात. कळ्या न उमलताच जांभळट पडू लागल्या तर आत अळी आहे असे समजा आणि त्या कळ्या तोडून नष्ट करा, झाडाखाली टाकू नका.

मृगाआधीची कामे मेच्या शेवटच्या पंधरवड्यात उरकावीत. नवे झाड लावायचा खड्डा, दीड फूट लांब-रुंद-खोल, आत्ताच खणून ठेवा म्हणजे उन्हाने मातीतली कीड मरते. डब्यांची भोके बुजली असतील तर खिळ्याने मोकळी करा, नाहीतर पावसात मुळे बुडतील. कुंडी बदलणे, काडी लावणे, गुलाबाची मोठी छाटणी यांना आता हात लावू नका. पहिल्या दोन कामांना पाऊस लागू द्या, तिसऱ्याला ऑक्टोबर. अशोक विजयादशमीला दारात आपल्याच घरचा झेंडू हवा असेल तर बी जुलैच्या अखेरीस पेरावे. साधारण दोन महिन्यांत फुलावर येतो.

मावशींच्या मोगऱ्याचे पुढे काय झाले ते राहिले. चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचे ठरले आणि ऐन मेमध्ये पंधरा दिवसांत खोली रिकामी करायची चिठ्ठी आली. कपाट गेले, पलंग गेला, आणि डबा उचलायला गेलो तर गंजलेला तळ तसाच खाली राहिला. मुळे उघडी पडली. मावशी मटकन खाली बसल्या. "सासूबाई गेल्या तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं," एवढेच म्हणाल्या.

सिमेंटच्या गोणीत मुळांसकट मातीचा गोळा भरला, वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकला, गोणी भिजवून टेंपोत कपाटाच्या सावलीत ठेवली. संक्रमण शिबिरात पोहोचेपर्यंत निम्मी पाने गळली, आठवड्यात उरलेली. शेजारणी म्हणाल्या, टाकून द्या. मी काडीवर नखाने जरासे खरवडले. साल निघाली तिथे आत हिरवे होते. आत हिरवे असेपर्यंत झाड टाकू नये. दिवसाआड अर्धा तांब्या पाणी, ऊन अजिबात नाही. जूनच्या शेवटी बुंध्याजवळ मोहरीएवढे तीन डोळे फुटले.

मग मात्र मावशींनी ऐकले. पावसात खालच्या दोन लांब फांद्या वाकवून, मधल्या पेराजवळ साल किंचित तासून, तो भाग शेजारच्या दोन डब्यांतल्या मातीत पुरला आणि वर दगड ठेवला. याला दाब कलम म्हणतात. फांदीला आईकडून अन्न मिळत राहते, म्हणून ती सहसा मरत नाही. तीन महिन्यांनी मुळे धरल्यावर आईपासून कापायची. ज्यांना चाळ, क्वार्टर किंवा भाड्याची खोली सोडावी लागणार आहे त्यांनी चिठ्ठीची वाट न बघता येत्या पावसातच हे करून ठेवावे आणि एक रोप दुसऱ्या घरी द्यावे. मावशींचे एक कल्याणला लेकीकडे गेले, दुसरे माझ्याकडे आहे.

जुने झाड अजून शिबिरातच आहे. खोलीच्या खिडकीत दोन तासच ऊन येते, म्हणून मावशींनी ते खाली फाटकापाशी, वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवले आहे. पाणी तो घालतो. कळ्या निम्म्या त्याच्या घरी जातात.